‘फुकट’ कॉलेजचं बिल नेमकं कोण भरतं?

कॉलेजला फी असावी की शिक्षण फुकट असावं, या वादात शिरण्याआधी एक गोष्ट क्लिअर करूया. प्राध्यापकांचे पगार, लॅब, लायब्ररी यांचा खर्च होतोच. प्रश्न एवढाच, की तो कोणी भरायचा आणि कधी?

याचं मस्त उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. देश एक, सिस्टिम वेगवेगळ्या.

इंग्लंडमध्ये १९९८ साली वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी सुरू झाली. २००६ मध्ये मर्यादा ३,००० झाली, आणि २०१२ मध्ये थेट ९,०००! आकडा ऐकून घाम फुटतो. पण ही फी आधी खिशातून भरावी लागत नाही, सरकार लोन देतं. २०२३च्या ऑगस्टपासून कोर्स सुरू करणाऱ्यांसाठी नियम असा ठरला: वर्षाचा पगार २५,००० पौंडांच्या वर गेला, की फक्त वरच्या रकमेच्या ९ टक्के कापायचे. म्हणजे ३०,००० कमावणाऱ्याचे वर्षाला ४५० पौंड. पगार कमी असेल तर हप्ता नाही. व्याज मात्र चढत राहतं. ४० वर्षांनी उरलेलं लोन माफ.

स्कॉटलंडमध्ये तिथल्या मुलांची पहिल्या डिग्रीची फी सरकार टॅक्समधून भरतं. भारी ना? पण बजेट ठरलेलं, म्हणून त्यांच्यासाठीच्या जागाही ठरलेल्या. चांगले मार्क असूनही जागा संपलेली असू शकते. इंग्लंडने मात्र २०१५ मध्ये जागांची मर्यादा बहुतेक कोर्सेससाठी काढून टाकली.

मग बरोबर कोण? टॅक्सच्या बाजूचे म्हणतात, डॉक्टर-शिक्षक घडले की फायदा सगळ्यांचाच. शिवाय कर्जाच्या धास्तीने गरीब घरातलं पोर कॉलेजचा विचारच सोडून देतं. फीच्या बाजूचे विचारतात, कॉलेजात न गेलेला ड्रायव्हरही टॅक्स भरतो. उद्या त्याच्यापेक्षा जास्त कमावणाऱ्याचं बिल त्याने का उचलायचं? दोन्ही मुद्द्यांत दम आहे.

हा वाद आपल्यापासून लांबचा नाही. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सेसची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ झाली. पण गावाहून पुण्याला आलेल्या मुलीला रूमभाडं आणि मेसचे पैसेही लागतातच की!

म्हणून पुढच्या वेळी ‘मोफत शिक्षण’ ही घोषणा ऐकलीत, तर टाळ्या किंवा शिव्या देण्याआधी विचारा: पैसे कोण देणार, जागा किती, आणि फी सोडून बाकीच्या खर्चाचं काय?