डोलकाठीवरून किती दिसते?

विमानवाहू नौकेचा विषय निघाला की आपण लढाऊ विमाने मोजू लागतो. २८ एप्रिल २०२५ रोजी भारताने फ्रान्सशी २६ राफेल-मरीन विमानांचा करार केला, तेव्हाही चर्चा झाली ती विमानांची आणि त्यांच्या किमतीची. त्यामागचा खरा अवघड प्रश्न मागेच राहिला. जहाजभेदी क्षेपणास्त्रे आज लहान देशांकडेच नव्हे, तर येमेनमधल्या हूतींसारख्या बंडखोरांकडेही आहेत. अशा काळात विक्रांतसारखे पंचेचाळीस हजार टनांचे जहाज समुद्रात वाचणार कसे? उत्तर देताना बहुतेक जण क्षेपणास्त्र पाडणाऱ्या क्षेपणास्त्रांकडे बोट दाखवतात. ती हवीतच. पण माझ्या मते जहाज वाचते ते आधी लवकर दिसण्यामुळे, आणि लवकर दिसण्यासाठी उंची लागते. विमानवाहू नौकांच्या नव्या तंत्रज्ञानाकडे पाहायचे ते याच बाजूने.

गणित साधे आहे. पृथ्वी गोल आहे आणि रडारच्या लहरी क्षितिजापलीकडे फारशा वाकून जात नाहीत. जहाजाचे रडार पाण्यापासून २५ मीटर उंचीवर असेल आणि क्षेपणास्त्र लाटांवरून पाच मीटरवर उडत असेल, तर ते जेमतेम ३० किलोमीटरवर आल्यावर दिसते. जहाज गेटवे ऑफ इंडियापाशी उभे आहे आणि मधे सह्याद्री नसून सपाट समुद्र आहे अशी कल्पना करा. डोलकाठीवरच्या रडारला मुलुंडच्या पलीकडचे काही दिसणार नाही. तेच रडार तीन किलोमीटर उंच चढवले, तर सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर असलेल्या कोपरगावावरून निघालेले क्षेपणास्त्रही त्याच्या टप्प्यात येते. आवाजापेक्षा कमी वेगाचे क्षेपणास्त्र मुलुंडहून गेटवेला सुमारे शंभर सेकंदांत पोहोचेल, ब्रह्मोसच्या वेगाचे अर्ध्या मिनिटात. कोपरगावहून पहिल्याला अकरा मिनिटे लागतील, दुसऱ्याला साडेतीन. जहाजाचे दैव ठरते ते या फरकात.

याचा सर्वांत कडू पुरावा १९८२च्या फॉकलंड युद्धात आहे, आणि त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. त्या युद्धात ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती हर्मिस. पुढे १९८७ साली तीच आयएनएस विराट म्हणून आपल्या नौदलात आली आणि २०१७पर्यंत राहिली. ब्रिटनच्या नौदलाकडे पूर्वी उंचावरून टेहळणी करणारी गॅनेट विमाने होती. १९७८-७९मध्ये त्यांची मोठी विमानवाहू नौका आर्क रॉयल निवृत्त झाली आणि ती विमानेही गेली. फॉकलंडला निघालेल्या ताफ्याकडे आकाशातून पाहणारे रडारच नव्हते. ४ मे रोजी अर्जेंटिनाची दोन विमाने समुद्राला खेटून आली आणि त्यांनी सोडलेले एक एक्झोसेट क्षेपणास्त्र शेफिल्ड या विनाशिकेवर आदळले. वीस जण मेले आणि जहाज काही दिवसांनी बुडाले. त्यानंतर ब्रिटनने घाईघाईने सी किंग हेलिकॉप्टरांवर रडार बसवले, पण ती तयार होईपर्यंत लढाई संपली होती.

शेफिल्डवर माणसांच्याही चुका झाल्या, हा आक्षेप खरा आहे. जवळच्या ग्लासगो या जहाजाने हल्ला ओळखून इशारा दिला होता आणि शेफिल्डने तो वेळेत मनावर घेतला नाही. २००६ साली लेबनॉनच्या किनाऱ्याजवळ इस्रायलच्या हानित युद्धनौकेवर क्षेपणास्त्र आदळले, तेव्हाही तिची बचावयंत्रणा सज्ज नव्हती. पण या उदाहरणांनी माझा मुद्दा उलट पक्का होतो. ढिलाई कुठल्या नौदलात होत नाही? शंभर सेकंदांत ती जीव घेते, अकरा मिनिटांत ती सुधारता येते.

आता आपल्याकडे पाहू. नव्या विक्रांत या विमानवाहू नौकेवर उंचावरच्या टेहळणीसाठी कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर आहे. पोटाखाली रडारची मोठी पाटी उघडून ते सुमारे साडेतीन किलोमीटरपर्यंत चढते आणि त्याचे काम ते चोख करते. पण हेलिकॉप्टर हवेत राहते दोन-अडीच तास. पंखांचे टेहळणी विमान त्याच्या दुपटीहून उंच जाते आणि कितीतरी जास्त वेळ टिकते. ते विक्रांतवर नाही, कारण तिच्या टोकाला वर वळवलेला उतार आहे, स्की-जंप. ताकदवान इंजिनांचे लढाऊ विमान त्यावरून झेपावते. राफेलने गोव्यात आयएनएस हंसावरच्या चाचणी-धावपट्टीवरून जानेवारी २०२२मध्ये ते करून दाखवले. पंख्याच्या इंजिनांचे, पाठीवर रडारची तबकडी वाहणारे जड विमान मात्र डेकवरून उडवायचे तर ढकलणारा कॅटापल्ट लागतो. जुन्या विक्रांतवर वाफेचा कॅटापल्ट होता, १९७१मध्ये त्यावरूनच सी हॉक आणि अलिझे विमाने उडाली. ऐंशीच्या दशकात सी हॅरियरसाठी स्की-जंप बसवताना तो काढला गेला.

विद्युतचुंबकीय कॅटापल्टचे महत्त्व इथे आहे. धक्का देणारी शक्ती विजेची असल्याने ती विमानाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येते आणि हलके ड्रोन, जड टेहळणी विमान दोन्ही एकाच मार्गावरून उडतात. अमेरिकेच्या जेराल्ड फोर्ड या विमानवाहू नौकेवर ही यंत्रणा आहे. तिला अणुभट्टी लागतेच, असे म्हणणाऱ्यांना चीनने उत्तर दिले आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये सेवेत आलेली त्याची फुजियान ही नौका अणुशक्तीवर चालत नाही, तरी तिच्यावरून केजे-६०० हे टेहळणी विमान उडते. चीनच्या आधीच्या दोन्ही नौका आपल्यासारख्याच स्की-जंपच्या आहेत.

पैसा मर्यादित असेल तर तो बचावाच्या क्षेपणास्त्रांवर घाला, असेही म्हटले जाते. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आयएनएस सुरतने एप्रिल २०२५मध्ये समुद्राला खेटून येणारे लक्ष्य क्षेपणास्त्राने अचूक पाडले, ही अभिमानाचीच गोष्ट. पण ७० किलोमीटरच्या पल्ल्याचे क्षेपणास्त्र जवळ असून लक्ष्य ३० किलोमीटरवरच दिसत असेल, तर उरलेला पल्ला वाया जातो. मे २०१९मध्ये कोची आणि चेन्नई या विनाशिकांनी, दोघींची क्षेपणास्त्रे एकीच्याच नियंत्रणाखाली ठेवून, वेगवेगळी लक्ष्ये टिपली. याच साखळीत उंचावरचे रडार जोडले गेले, तर तो पल्ला पुरता वापरता येईल. अंबरनाथच्या कारखान्यात बनणाऱ्या 'कवच' प्रक्षेपकातून उडणारे, शत्रूच्या रडारला चकवणारे ढगही योग्य क्षणी सोडले तरच उपयोगी पडतात, आणि तो क्षण कळण्यासाठी आधी दिसायला हवे.

सर्वांत वजनदार आक्षेप ड्रोनचा आहे. उद्या रडार वाहणारे मानवरहित विमान तासन् तास घिरट्या घालू लागले, तर महागडे टेहळणी विमान हवेच कशाला? हा आक्षेप मला बराचसा पटतो. पण तासन् तास राहण्याइतके इंधन आणि दूरवर पाहणारे रडार घेतलेले ड्रोन हलके नसते, आणि त्याची इंजिने लढाऊ विमानाइतकी जोरकस नसतात. त्यालाही डेकवरून उडवायला ढकलणारे काहीतरी लागणारच. म्हणून पुढच्या नौकेचा आराखडा कागदावर उतरण्याआधी गोव्याच्या चाचणी-धावपट्टीवर स्की-जंपच्या शेजारी विद्युतचुंबकीय कॅटापल्टचा एक मार्ग उभा राहिला पाहिजे. डेक एकदा बांधला की त्याचा आकार पुढे सहजासहजी बदलता येत नाही.