वृषणातील धरसोड

खच्ची केलेल्या खोंडाचा मस्तवालपणा ओसरून तो औताला जुंपण्याजोगा होतो, हे निपाणी-चिकोडी भागातील शेतकऱ्याला आणि रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्का यात्रेत खिल्लार जनावरे पारखणाऱ्याला पूर्वापार ठाऊक आहे. मात्र हा फरक घडवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे संदेश नेणारे द्रव्य, १९३५ साली अॅमस्टरडॅममध्ये वेगळे करण्यात आले, आणि तेही वळूंच्या सुमारे शंभर किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम.

याच वृषणात शुक्रपेशीही घडतात. त्यांना आधार देणाऱ्या, फांद्यांसारख्या पसरलेल्या पेशी, म्हणजे आजच्या सर्टोली पेशी, एन्रिको सर्टोली यांनी १८६५ सालीच वर्णिल्या होत्या; पण त्या शुक्रपेशींना कशाने धरून ठेवतात, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. १९८०च्या दशकात जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांनी कॅडेरिन या आसंजन रेणूंची, म्हणजे शेजारच्या पेशींना कॅल्शियमच्या साहाय्याने एकमेकींशी जखडणाऱ्या प्रथिनांची, ओळख पटवली, आणि मग वाट मोकळी झाली. १९९०च्या दशकात उंदरांच्या सर्टोली पेशींवरील प्रयोगांतून असे दिसले की, पीयूषिका ग्रंथीतून येणारे एफएसएच हे संप्रेरक एन-कॅडेरिनच्या निर्मितीचा संदेश वाढवते आणि स्त्रीसंप्रेरक समजले जाणारे इस्ट्रोजेन त्याला जोड देते. टेस्टोस्टेरॉन काढून घेतल्यास अपक्व गोल शुक्रपेशी वेळेआधीच निसटतात, हेही १९९६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी उंदीरवर्गीय प्राण्यांत दाखवले.

धरण्याइतकेच सोडणेही महत्त्वाचे असते, आणि या दुसऱ्या बाजूवर मुंबईतील परळच्या प्रजनन संशोधन संस्थेत झालेले काम विशेष मोलाचे ठरते. तेथे नर उंदरांना प्रतिकिलो १०० मायक्रोग्रॅम इस्ट्राडायॉल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, दहा दिवस दिले असता एफएसएच आणि वृषणांतर्गत टेस्टोस्टेरॉन घटले, वृषणातील इस्ट्राडायॉल वाढले, आणि पक्व शुक्रपेशी नलिकेच्या पोकळीत सुटेनाशा झाल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याचे कारण दिसले: सुटकेच्या आधी शुक्रपेशीच्या डोक्यापासून सर्टोली पेशीत शिरणारी आणि दोघींमधील बंध सोडवण्यास मदत करणारी बारीक नळीसारखी रचना तयारच झालेली नव्हती. अशा अडकून पडलेल्या शुक्रपेशी अखेर सर्टोली पेशीच गिळून टाकते.