सोयाबीन : शेतातून ताटात

खरीप हंगामात माळव्याच्या काळ्या जमिनीत जिकडे पाहावे तिकडे सोयाबीनचे पीक दिसते. १९६० नंतरच्या दशकात जबलपूर व पंतनगर येथील कृषी विद्यापीठांत या पिकाचे पद्धतशीर प्रयोग झाले आणि पुढे ते माळव्यात झपाट्याने पसरले. १९८७ मध्ये इंदूर येथे सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही स्थापन झाले. परंतु या पिकाचा बहुतेक भाग तेलासाठी कारखान्यात जातो आणि प्रथिनांनी संपन्न अशी पेंड मुख्यत्वे कोंबड्या-जनावरांच्या खाद्यास लागते. ज्या घरात सोयाबीनची पोती भरलेली असतात, त्याच घरातील मुलांच्या ताटात ते क्वचितच येते, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. तुरीच्या डाळीत प्रथिने सुमारे २२ टक्के असतात. शिवाय गहू, ज्वारी, मका यांत कमी असणारे लायसिन सोयाबीनमध्ये भरपूर असते, तर सोयाबीनमधील मेथिओनिनची उणीव धान्यातून भरून निघते. म्हणून ही दोन्ही एकत्र खाणे हितावह होय. शाकाहारी कुटुंबे, वाढत्या वयाची मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्याचा विशेष लाभ होतो.

कच्चे सोयाबीन मात्र खाऊ नये. त्यातील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांच्या पचनास अडथळा आणतो. उष्णतेने तो बऱ्याच अंशी निष्प्रभ होतो. दाणे निवडून रात्रभर भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावे व नव्या पाण्यात अर्धा तास उकळावेत. नंतर साले काढून दाणे उन्हात कडक वाळवावेत. असे १ किलो सोयाबीन ९ किलो गव्हात मिसळून दळावे. गव्हात १२ टक्के प्रथिने धरल्यास १० किलो कणकेत १,२०० ग्रॅमऐवजी सुमारे १,४८० ग्रॅम प्रथिने मिळतात. तेलाच्या अंशामुळे ही कणीक लवकर खवट होते, म्हणून थोडी थोडीच दळावी.

पुढील दक्षता अवश्य घ्यावी. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे धुऊनही खाण्यास वापरू नये. तान्ह्या मुलास आईच्या दुधाऐवजी सोयाबीनचे दूध देऊ नये. ज्यांना सोयाबीन खाल्ल्याने अंगावर पित्त उठते किंवा धाप लागते, त्यांनी ते वर्ज्य करावे. थायरॉइडचे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शिक्षक, पंचायतीचे सचिव व अंगणवाडी कार्यकर्त्या यांनी ही कृती गावात करून दाखवावी. शेतकरी बंधूंनीही विक्रीस माल नेण्यापूर्वी औषध न लावलेले काही किलो सोयाबीन घरासाठी बाजूला काढावे.