खिळे, संगणक आणि कंपनीचे देणे

संगणकाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते गैर ठरणार नाही. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते छापखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या मोफत वाचनकक्षात. तरी या व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय आमच्याकडे सोपवला, याचे कारण एवढेच की संगणकाने आमचा पहिला धंदा आमच्या डोळ्यांदेखत बुडवला. ज्याने माणसाची भाकरी हिरावली, त्याची माहिती माणूस जरा बारकाईने काढतो.

१९८७ साली आम्ही एका लहान छापखान्यात खिळे जुळवायला उभे राहिलो. मराठीची जुळणी म्हणजे काय कष्ट असतात हे आजच्या तरुणांना सांगावे लागेल. इंग्रजीची अक्षरे मोठी नि लहान धरून बावन्न. मराठीला अखंड अक्षरे वेगळी, अर्धी वेगळी, काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या, जोडाक्षरे वेगळी. त्या सर्वांना केसमध्ये स्वतंत्र खण. असे शेकडो खण न पाहता हाताला सापडू लागले म्हणजे कंपोझिटर तयार झाला, असे आमचे उस्ताद म्हणत. त्याला दोन-तीन वर्षे लागत. आम्हांला ती विद्या अंगात मुरते आहे असे वाटू लागले, तोच शेजारच्या गल्लीत संगणकावर मराठी जुळणी सुरू झाली. पुढच्या काही वर्षांत आमच्या केस रिकाम्या झाल्या आणि खिळे शिशाच्या भावाने भंगारात गेले. आमच्या उस्तादांनी नंतर एका इमारतीवर रखवालदारी केली.

त्या वेळी आम्ही संगणकाविरुद्ध घोषणा दिल्या, आणि त्या मनापासून दिल्या. पण पुष्कळ वर्षांनी एक प्रश्न सुचला, तो तेव्हाच सुचायला हवा होता. हे यंत्र मराठी शिकले कोठे? ते शिकवले कोणी, आणि त्या शिकवणीची फी भरली कोणी?

यंत्राची शाळा

उत्तर असे आहे. १९८०च्या सुमारास कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये देवनागरी संगणकावर कशी आणावी याचे संशोधन चालले होते. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी त्यातून 'जिस्ट' नावाचे तंत्र सिद्ध केले. १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली आणि ते काम तिकडे आले. तेथे त्याचे एक कार्ड तयार झाले. साध्या संगणकात ते बसवले की तो देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या दाखवू लागे.

या तंत्राची मुख्य कल्पना कंपोझिटरला एका वाक्यात समजते. आम्ही खिळा उचलत असू तो अक्षराच्या रूपाचा. 'क्ष'चा खिळा वेगळा, 'त्र'चा वेगळा. संशोधकांनी रूप बाजूस ठेवले आणि उच्चार धरला. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष. यंत्राच्या स्मरणात एवढ्या तीनच खुणा ठेवायच्या. पडद्यावर किंवा कागदावर त्यांचे एक जोडाक्षर कसे दिसावे, ते दुसऱ्या टप्प्यावर नियमाने ठरवायचे. 'कि' हे अक्षर घ्या. आम्ही जुळवताना वेलांटी आधी लावत असू, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. यंत्रात क आधी नि वेलांटी मागून, कारण तोंडातून उच्चार त्या क्रमाने निघतो. शेकडो खणांची केस अशा रीतीने टंकयंत्राच्या मूठभर कळांवर मावली. शिवाय आपल्या देशातील बहुतेक लिप्यांची वर्णमाला एकाच घडणीची असल्यामुळे, ज्या कळेवर मराठीचा क तिच्यावरच बंगालीचा आणि तेलुगूचाही क बसवता आला. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली या संकेतांना मानकाचा दर्जा दिला. त्यात २५६ जागा होत्या. निम्म्या रोमन लिपीसाठी तशाच ठेवल्या आणि उरलेल्या निम्म्यांत भारतीय लिप्या बसवल्या.

दुसरे नाव घेतले पाहिजे ते प्रा. र. कृ. जोशी यांचे. मुंबईच्या आय.आय.टी.त ते अक्षरकला शिकवीत. त्यांनी रेखाटलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर जगभरच्या संगणकांत गेला. ज्यांनी कधी त्यांचे नाव ऐकले नाही अशा लक्षावधी माणसांनी आपले पहिले मराठी पत्र त्यांच्या अक्षरांत लिहिले.

आता या सर्व संस्था कोणाच्या पैशावर चालल्या ते पाहा. कानपूर, मुंबई, सी-डॅक, सगळीकडे सरकारी तिजोरी. आणि सरकारी तिजोरी म्हणजे काडेपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक वस्तूवर कर भरणारे तुम्ही-आम्ही. आमच्या उस्तादांनी आयुष्यभर विड्या ओढल्या आणि प्रत्येक बंडलावर कर भरला. त्यांची केस बंद करणाऱ्या विद्येची फी काही अंशी त्यांनीच भरली होती. हे आम्ही कडवटपणे सांगत नाही. विद्या वाढलीच पाहिजे. आमचे म्हणणे इतकेच की ज्याने फी भरली, त्याचा विद्येवर हक्क उरतो.

कुलूप कोणी लावले

तो हक्क मध्यंतरी कसा बुडाला, हेही समजून घेण्याजोगे आहे. मानक सर्वांसाठी एक होते. पण बाजारात मराठी टंक विकणाऱ्या अनेक मंडळींनी आपापले निराळे संकेत वापरले. एकाकडे ज्या आकड्याला 'म', त्याच आकड्याला दुसऱ्याकडे 'ळ'. परिणाम असा की एका छापखान्यात जुळवलेले पुस्तक दुसऱ्या छापखान्यात उघडले तर नुसता अक्षरांचा बाजार दिसे. मोठी वृत्तपत्रे यातून आपली सोय लावू शकत. लहान छापखान्याला मात्र एकाचा टंक घेतला की त्याच्याशीच जन्माची गाठ पडे, किंवा चार जणांचे चार टंक विकत घ्यावे लागत.

हे कुलूप सैल झाले ते युनिकोडमुळे. जगातील लिप्यांना एकच संकेतमाला असावी म्हणून ही योजना निघाली आणि तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यातील भारतीय लिप्यांची मांडणी आपल्याच १९८८च्या मानकावरून घेतलेली आहे. म्हणजे आपल्या संशोधकांचे काम जगाला फिरून, पुष्कळ वर्षांनी, आपल्या गल्लीतल्या छापखान्यात परत आले. मधली वर्षे वाया गेली, आणि त्यांची किंमत लहान धंदेवाल्याने मोजली.

दोन टक्के

आता कंपन्यांकडे वळू. २०१३च्या कंपनी कायद्यातील १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे ते सांगते. मूळ कायद्याने हे बंधन कोणावर घातले? ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नफा ५ कोटी रुपये वा अधिक, त्यांच्यावर. धंद्याच्या नेहमीच्या ओघात केलेले काम या खर्चात धरता येत नाही, आणि केवळ आपल्याच नोकरांच्या फायद्याचे कामही धरता येत नाही. सार्वजनिक विद्यापीठे, आय.आय.टी., सरकारी प्रयोगशाळा यांच्या संशोधनाला दिलेला पैसा मात्र त्यात धरता येतो. २०१९ साली ही कक्षा आणखी रुंद करण्यात आली.

कायदा चांगला आहे. पण त्याच्या आडून एक समजूत पसरते आहे, ती तपासली पाहिजे. दोन टक्के दिले की जबाबदारी संपली, ही ती समजूत. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कोणत्या मार्गाने आले, हे मग कोणी विचारीत नाही.

आमच्या माहितीतील एक प्रसंग सांगतो. नावे सांगणार नाही, कारण गाऱ्हाणे एका कंपनीपुरते नाही. एका मोठ्या कंपनीने शाळांना संगणक वाटले. गोष्ट उत्तम. मुलांचे डोळे चमकले, ते आम्हीही पाहिले. त्या समारंभाच्या निमंत्रणपत्रिका आणि रंगीत पुस्तिका एका लहान छापखान्याने छापल्या. छापखान्यात माणसे चार: जुळणीला एक, मशीनवर दोन, बांधणीला एक मुलगी. बिल कंपनीच्या संगणकावर चढवायचे होते. मागणीपत्राचा कुठलासा आकडा जुळेना, म्हणून यंत्राने ते परत पाठवले. पुन्हा चढवले, पुन्हा परत. विचारायला माणूस नाही, फक्त पडदा. पैसे सात महिन्यांनी मिळाले. त्यांतले दोन महिने चौघांनी अर्ध्या पगारावर काढले. मालक आम्हांला म्हणाले, "भाऊ, समारंभाला पहिल्या रांगेत खुर्ची होती. बिलाला रांगच नाही."

या बाबतीत कायदा गप्प नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांविषयीचा २००६चा कायदा सांगतो की करार काहीही असो, माल किंवा काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे दिलेच पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. दाद मागण्यासाठी सुविधा परिषदा आहेत. आम्ही मालकांसाठी अर्ज लिहून नेला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि खणात ठेवला. सही केली नाही. "व्याज मिळेल, पण पुढचे काम जाईल," म्हणाले. त्यांचे चुकले असे म्हणण्याची आमची छाती नाही.

आमच्याही पदरातली चूक

आम्ही त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना भेटलो तेव्हा एक अधिकारी म्हणाले, "तुमची युनियन आमच्या कामगारांची. छापखान्याच्या बिलाशी तुमचा संबंध काय?" प्रश्न खोचक होता, पण आम्हांला तो लागला तो दुसऱ्याच कारणाने. वीस वर्षे आम्ही त्या कंपनीत बोनसचे करार केले. फाटकाच्या आत एक रुपयाही सुटू दिला नाही. फाटकाबाहेर त्याच कंपनीसाठी खिळा ठोकणारा, पेटी बनवणारा, कागद छापणारा कामगार आमच्या हिशेबात कधी नव्हता. चार माणसांच्या दुकानात कसली युनियन, असे म्हणून आम्ही तिकडे फिरकलो नाही. ज्या जबाबदारीचा जाब आम्ही कंपनीला विचारतो, तिचा थोडा भाग आमच्या माथी आहे.

लहान मालकांनाही एक सांगणे आहे. बिल अडकले ही खरी अडचण. पण ती दरवेळी पगारपत्रकावर उतरवली जाऊ लागली, तर वरच्याने मारले म्हणून खालच्याला मारण्यासारखे होईल.

मागणे काय

आमचे मागणे तीन कलमांचे आहे. पहिले: सामाजिक उत्तरदायित्वाचा आरंभ देणगीपासून न होता देण्यापासून व्हावा. कंपनीने वार्षिक अहवालात दोन टक्क्यांचे फोटो छापावेत, पण त्याच पानावर लहान पुरवठादारांचे किती पैसे ४५ दिवसांपलीकडे थकले, तेही छापावे. आणि बिलाच्या पडद्यामागे एक माणूस बसवावा.

दुसरे: त्या दोन टक्क्यांतून सार्वजनिक संस्थांच्या संगणक संशोधनाला जरूर मदत द्यावी, पण निघालेली विद्या सर्वांना खुली राहावी या अटीवर. हे आज अधिक निकडीचे आहे. मराठी बोलणे ऐकून लिहिणारी, भाषांतर करणारी यंत्रे घडत आहेत. २०२२ साली केंद्र सरकारने 'भाषिणी' ही योजना त्यासाठीच सुरू केली, आणि मद्रासच्या आय.आय.टी.सारख्या ठिकाणी हे संशोधन चालले आहे. यंत्र या वेळी शिकते आहे ते तुमच्या-आमच्या बोलण्यावरून. मागे टंकांना कुलपे लागली. या वेळी बोलीलाच कुलूप लागले तर किल्ली विकत घेताना लहान दुकानदार पुरता पिळला जाईल.

तिसरे: लहान दुकानातील कामगाराला नवी विद्या शिकण्यासाठी पगारी वेळ मिळावा. चौघांपैकी एकाला महिनाभर सोडणे मालकाला परवडत नाही. तो भार उचलण्यास कंपनीचा पैसा लागला तर तो सत्कारणी लागला असे आम्ही म्हणू. १९९० साली आमच्या उस्तादांना असे तीन महिने कोणी दिले असते, तर अक्षराची त्यांची नजर नव्या यंत्राच्याही उपयोगी पडली असती. ती नजर कोणत्याही कार्डात बसत नाही. चुकीचा ऱ्हस्व ते दहा फुटांवरून ओळखत.

आमच्यापुरते आम्ही एक काम हाती घेतले आहे. दर रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत लहान दुकानांतील कामगार आणि मालक एकत्र बसतात. थकलेल्या बिलांची यादी होते, आणि अर्ज एकट्याच्या नावाने न जाता सर्वांच्या वतीने कंपनीकडे जातो. एकट्याची सही होत नाही, पण दहांची होते, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे. ज्या मालकांनी अर्ज खणात ठेवला होता, ते मागच्या रविवारी आले होते. मागे भिंतीशी बसले आणि बोलले काही नाहीत. निघताना मात्र पुढच्या बैठकीची वेळ विचारून गेले.