प्लायच्या फळीची कड : दिसते नव्वद, असते दोनशे चाळीस



वर्गात वाचनकोपरा करायचा असो की घरी मुलांच्या पुस्तकांसाठी मांडणी, आज बहुतेक वेळा प्लायच आणला जातो. फळ्या कापल्या, समोरच्या कडेला पट्टी बसवली की काम झाले असे आपण समजतो. पण आमच्या टेंभी नाक्यासारख्या जुन्या वस्तीत पावसाळ्यात भिंतींना ओल येते. अशा भिंतीला टेकलेली फळी मागून फुगते आणि तिचे पापुद्रे सुटू लागतात. असे का होते, ते पाहू.

कड नाजूक का?

प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेला तक्ता. एका थराचे रेषे उभे, तर पुढच्याचे आडवे. त्यामुळे तो सहज चिरत नाही. पण फळी कापली की कडेला एकाआड एक थराच्या रेषांची तोंडे उघडी पडतात. झाडात याच बारीक नळ्यांतून पाणी वर चढते. फळी झाल्यावरही त्या ओल ओढून घेतात. शिवाय उघड्या कडेची कुसळे मुलांच्या बोटांत घुसतात, ते वेगळेच.

प्लायवर ‘एमआर’ लिहिले असेल, तर तो दमटपणा सोसतो, पण पाण्यात टिकत नाही. मरीन प्लायचा (आयएस ७१०) गोंद उकळत्या पाण्यातही टिकतो, तरी आतले लाकूड ओल पितेच. म्हणून त्याचीही कड झाकावी.

आता थोडे गणित

फळी ९० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद आहे. परिमिती २४० सेंमी. समोरची कड फक्त ९० सेंमी. म्हणजे १५० सेंमी कड उघडीच राहिली! आणि भिंतीची ओल नेमकी तिथेच लागते.

कड कशी झाकावी?

आधी कडेतली भोके लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून बुजवा. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा, आधी १२० नंबर, मग २२०. पुढे तीन मार्ग आहेत.

१) सागाची पट्टी : १९ मिमी प्लायला साधारण २१-२२ मिमी रुंद पट्टी घ्या. फेविकॉल लावून कागदी चिकटपट्टीने घट्ट धरून ठेवा. दुसऱ्या दिवशी जास्तीचा भाग रंध्याने काढा. समोरच्या कडेला हीच उत्तम, कारण मुलांचे हात आणि पुस्तकांचे घाव ती सोसते. कोपरे थोडे गोल करायला विसरू नका.

२) पीव्हीसी पट्टी : कारखान्यात ती गरम गोंदाने मशीनवर बसवतात. हाताने बसवताना रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा झाला की मग दाबायची. एकदा चिकटली की सरकवता येत नाही. या गोंदाला उग्र वास असतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलांना लांब ठेवा.

३) प्रायमर आणि ऑइलपेंट : सगळ्यात स्वस्त. कड प्रायमर पिते, म्हणून दोन हात द्या, मग रंग. न दिसणाऱ्या तिन्ही कडांना एवढे पुरते.

सुताराला काम सांगतानाच “चारही कडा बंद करा” असे स्पष्ट सांगा. फळ्या जोडल्यानंतर मागच्या कडेपर्यंत ब्रश पोहोचत नाही. मांडणी ठेवताना भिंतीपासून दोन बोटे जागा सोडा.

मुलांसाठी उपक्रम

सुताराकडून एकाच प्लायचे सारख्या मापाचे दोन तुकडे मागून आणा. एकाच्या चारही कडा रंगवा, दुसरा तसाच ठेवा. रंग पूर्ण वाळल्यावर दोन्ही वजन करून रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी पुसून पुन्हा वजन करा. कोणता जास्त पाणी प्यायला, ते मुलांनीच वजाबाकी करून सांगावे. परिमिती कशासाठी शिकायची, हा प्रश्न मग वर्गात कोणी विचारणार नाही.