सहावे नाव

मैफलीला निघालेल्या रसिकाला गायकाचे नाव ठाऊक असते. पेटीच्या साथीला कोण आहे, हे बहुधा तो सभागृहात पोहोचल्यावर पाहतो. पाश्चात्त्य रॉक संगीताची रीतही फारशी निराळी नाही. पुढे गायक आणि गिटारवादक, मागे ड्रमवादक आणि एका कडेला पियानो किंवा कीबोर्ड वाजवणारा. ही कडेची जागा मनापासून स्वीकारणारे वादक पुष्कळ झाले. परंतु ज्याने समूहाच्या उभारणीत प्रारंभापासून हात लावला, ज्याची रंगमंचावरची जागा त्याच समूहाने काढून घेतली आणि तरीही जो अखेरच्या दिवसापर्यंत त्यांच्यासोबत राहिला, असा वादक विरळा. ‘रोलिंग स्टोन्स’ या जगप्रसिद्ध इंग्लिश समूहाचे पियानोवादक इयान स्टुअर्ट हे असे एक नाव.

स्टुअर्ट यांचा जन्म १८ जुलै १९३८ रोजी स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात, पिटनवीम या गावाजवळच्या एका शेतवाडीवर झाला. त्यांचे बालपण मात्र लंडनच्या दक्षिणेला असलेल्या सरे परगण्यात गेले. सहाव्या वर्षी ते पियानोला बसू लागले. पुढे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांच्या ‘ब्लूज’ आणि ‘बुगी-वुगी’ या संगीताने त्यांना कायमचे वेड लावले. बुगी-वुगीत पियानोवादकाचा डावा हात एखाद्या ठेक्यासारखी एकच लयदार आकृती अखंड फिरवत राहतो आणि उजवा हात तिच्यावर मनमोकळ्या फिरती घेतो. उजव्या हाताची करामत लोकांच्या ध्यानात राहते, पण सारा डोलारा तोललेला असतो तो डाव्या हातावर. स्टुअर्ट यांच्या पुढील आयुष्याकडे पाहताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते.

१९६२ च्या मे महिन्यात ब्रायन जोन्स या तरुण गिटारवादकाने ‘जॅझ न्यूज’ या पत्रात, नवा समूह काढण्यासाठी वादक हवे आहेत, अशी जाहिरात दिली. तिला प्रतिसाद देणारे पहिले वादक होते स्टुअर्ट. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स त्यानंतर आले. सोहो भागातील एका मद्यगृहाच्या माडीवर सराव चाले. स्टुअर्ट पियानो वाजवताना मधूनमधून खिडकीबाहेर नजर टाकत, कारण खाली उभी केलेली सायकल चोरीला जाईल अशी त्यांना धास्ती असे, अशी आठवण रिचर्ड्स यांनी सांगितली आहे. १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या ‘मार्की क्लब’मध्ये समूहाचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा पियानोवर स्टुअर्टच होते. पुढील काही महिन्यांत बिल वायमन आणि चार्ली वॉट्स दाखल झाले आणि सहा जणांचा संच पूर्ण झाला.

त्या काळी स्टुअर्ट ‘इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज’ या कंपनीत कारकून होते. समूहातील इतरांच्या खिशात दमडी नसताना त्यांच्या हाती नियमित वेतन होते. त्यातूनच समूहाची वाद्ये वाहून नेण्यासाठी व्हॅन आली आणि कार्यक्रम ठरवण्याची बोलणी कचेरीतील त्यांच्या टेबलावरच्या दूरध्वनीवरून होऊ लागली.

१९६३ च्या वसंतात अँड्र्यू लूग ओल्डहॅम हा अवघ्या एकोणीस वर्षांचा तरुण समूहाचा व्यवस्थापक झाला. लोकप्रिय समूहात सहा माणसे फार होतात, प्रेक्षकांना इतके चेहरे लक्षात राहत नाहीत, असे त्याचे मत पडले. शिवाय भारदस्त बांध्याचे, रुंद जबड्याचे आणि जॅगर-रिचर्ड्स यांच्याहून पाच वर्षांनी मोठे असलेले स्टुअर्ट त्याच्या मनातील बंडखोर, किडकिडीत तरुणांच्या चित्रात बसत नव्हते. मे महिन्यात निर्णय झाला. स्टुअर्ट यांनी रंगमंचावर आणि छायाचित्रांत दिसायचे नाही. ध्वनिमुद्रणात पियानो मात्र वाजवायचा आणि दौऱ्यांची व्यवस्था पाहायची. वादनात कोणताही दोष कुणी काढला नव्हता. दोष होता तो केवळ दिसण्याचा. सहकाऱ्यांनीही हा निर्णय मान्य केला.

चोविसाव्या वर्षी असा घाव बसल्यावर माणूस काय करतो? पाठ फिरवून निघून जाणे स्वाभाविक होते आणि त्यासाठी कुणी त्यांना दोष दिला नसता. राहून मनात कढ साठवणे हा दुसरा मार्ग. स्टुअर्ट यांनी निर्णय स्वीकारला आणि ते कामाला लागले. व्हॅन चालवणे, अवजड ध्वनिवर्धक चढवणे-उतरवणे, गिटारच्या तुटलेल्या तारा बदलणे, वॉट्स यांचे ड्रम हव्या त्या रीतीने मांडून ठेवणे, ही सारी कामे ते करीत. ज्या रंगमंचावर त्यांना बसण्याची मुभा नव्हती, तो रंगमंच रोज सायंकाळी तेच सजवीत. त्यांना वेदना झालीच नसेल, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण तिची सावली त्यांनी कामावर पडू दिली नाही.

वादन मात्र सुटले नाही. १९६४ च्या जून महिन्यात शिकागोच्या ‘चेस’ या ध्वनिमुद्रणगृहात समूहाने काही रचना मुद्रित केल्या. ब्लूजच्या चाहत्यांसाठी ती जागा तीर्थासमान होती. तिच्या पत्त्यावरूनच नाव दिलेल्या ‘२१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू’ या रचनेत ऐकू येणारा ऑर्गन स्टुअर्ट यांचा आहे. पुढे ‘ब्राउन शुगर’सह समूहाच्या कितीतरी गीतांत त्यांचा पियानो वाजला. सत्तरच्या दशकातील दौऱ्यांत ते पुन्हा रंगमंचावर दिसू लागले, पण आपल्याला आवडणाऱ्या गीतांपुरतेच.

कारण हे गृहस्थ नम्र असले, तरी मिंधे नव्हते. ‘मायनर कॉर्ड’ ही उदास छटेची स्वरसंगती त्यांना मुळीच रुचत नसे. अशी जागा आली की ते सरळ हात पट्ट्यांवरून उचलून घेत. डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकेतील मसल शोल्स येथे ‘वाइल्ड हॉर्सेस’ हे गीत मुद्रित होत असताना त्यांनी पियानोला बसण्यास नकार दिला. ते काम जिम डिकिन्सन या वादकाने केले. निकी हॉपकिन्स, बिली प्रेस्टन असे अनेक कुशल कीबोर्डवादक समूहासोबत येत-जात राहिले आणि स्टुअर्ट यांनी त्यांना मोकळ्या मनाने जागा करून दिली. सभोवती मादक द्रव्यांचा सुळसुळाट असताना ते त्यापासून दूर राहिले. त्यांचा छंद गोल्फचा. दौऱ्यातील हॉटेल ठरवणे त्यांच्या हाती असल्यामुळे मुक्काम अनेकदा शहराबाहेर, गोल्फच्या मैदानाशेजारी पडे आणि रात्रीच्या झगमगाटाला सोकावलेली मंडळी कुरकुरत, असे सहकारी पुढे हसत सांगत.

समूहाच्या फिरत्या ध्वनिमुद्रणगृहाची देखरेखही त्यांच्याकडे होती. एका ट्रकमध्ये बसवलेली ही यंत्रणा इतर नामवंत समूहही भाड्याने नेत. १९७१ मध्ये ‘लेड झेपेलिन’ने ती नेली, तेव्हा सोबत गेलेले स्टुअर्ट त्यांच्यासाठीही पियानोला बसले. ‘रॉक अँड रोल’ या त्यांच्या गाजलेल्या गीतातील पियानो त्यांचाच. ‘बुगी विथ स्टू’ या रचनेच्या तर नावातच ते आहेत. पुढे आपल्या आवडत्या बुगी-वुगीसाठी त्यांनी चार्ली वॉट्स यांच्यासह ‘रॉकेट ८८’ या समूहात वादन केले. तेथे कुणाचा चेहरा कसा दिसतो, हा प्रश्न नव्हता.

१२ डिसेंबर १९८५ रोजी श्वसनाच्या त्रासासाठी ते लंडनमध्ये डॉक्टरांकडे गेले असता, प्रतीक्षाकक्षातच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. पुढील वर्षीच्या फेब्रुवारीत समूहाने लंडनच्या ‘१०० क्लब’मध्ये त्यांच्या स्मरणार्थ वादन केले. त्याच वर्षीच्या ‘डर्टी वर्क’ या ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी सुमारे अर्धा मिनिट केवळ पियानो ऐकू येतो. तो स्टुअर्ट यांचा आहे.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने समूहाचा गौरव केला. त्या वेळी सन्मानितांच्या नामावलीत इयान स्टुअर्ट यांचे नाव असावे, असा आग्रह समूहानेच धरला आणि ते नाव समाविष्ट झाले. सहा माणसे फार होतात, म्हणून वगळलेले नाव सव्वीस वर्षांनी परत आले. ते पाहण्यास ते स्वतः मात्र नव्हते. रिचर्ड्स यांनी आपल्या आत्मचरित्रात तर हा समूह स्टुअर्ट यांचाच असल्याची भावना व्यक्त केली आहे.

एप्रिल २००३ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ मुंबईत आले. ब्रेबोर्न स्टेडियमवरील त्या कार्यक्रमात कीबोर्डवर चक लेव्हेल होते. १९८२ च्या युरोप दौऱ्यापासून समूहासोबत असलेले हे वादक आपल्या प्रवेशाचे श्रेय स्टुअर्ट यांना देतात. आपली जागा गमावलेल्या माणसाने दुसऱ्याला मिळवून दिलेली ती जागा होती. त्या रात्री मैदानावर जमलेल्या हजारो श्रोत्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? पण डाव्या हाताने धरलेली लय श्रोत्याच्या ध्यानात आली नाही, तरी त्याची मान तिच्यावरच डोलत असते.