फोनमधली आजी टीव्हीवर कशी येते?



आपल्या वर्गातल्या बहुतेक घरांतून आठवड्यातून एकदा तरी भारतात व्हिडिओ कॉल होतो. तो कसा होतो, ते आठवून पाहा. आई फोन हातात धरते. आजी विचारते, "जेवलास का?" मुलगा म्हणतो, "हो." आजी विचारते, "शाळा कशी चालली आहे?" मुलगा म्हणतो, "छान." मग फोन ताईकडे जातो. पुन्हा तेच दोन प्रश्न आणि तीच दोन उत्तरे. फोनचा पडदा सहा-साडेसहा इंचांचा. त्याच्यासमोर एका वेळी एकच चेहरा मावतो, आणि एका चेहऱ्यापुरतेच बोलणे होते.

तेच चित्र दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आणले, तर सगळे घर एकदम आजीसमोर बसते. बाबा मध्येच काही विचारतात, आजोबा मागून आजीची चूक काढतात, आजी त्यांना गप्प करते, आणि मुलांच्या कानावर अर्धा तास सलग, घरगुती मराठी पडते. वर्गात आम्ही आठवड्याला जेमतेम दोन तास मराठी बोलतो. उरलेली मराठी घरातूनच यायची आहे. म्हणून फोन टीव्हीला कसा जोडायचा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्यासाठी सहसा नवा टीव्हीही लागत नाही. एखादी तार, किंवा फोनमधले एखादे बटण पुरते. पण कोणत्या कामाला कोणता मार्ग, हे मात्र कळायला हवे.

आधी थोडा इतिहास

मुलांनो, तुमचे आईबाबा किंवा काका-मावशी १९८० आणि १९९० च्या दशकांत इकडे आले असतील, तर त्यांना 'पाल' आणि 'एनटीएससी' हे शब्द विचारून पाहा. भारतातल्या टीव्हीची पद्धत पाल होती आणि अमेरिकेतली एनटीएससी. पालचे चित्र ६२५ आडव्या रेषांचे आणि सेकंदाला २५ चित्रे. एनटीएससीचे चित्र ५२५ रेषांचे आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. हे आकडे उगाच आलेले नाहीत. भारतात घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि अमेरिकेत ६० वेळा. चित्रांची संख्या त्याच्या निम्मी ठरवली गेली.

याचा परिणाम असा की, पुण्याहून आलेली लग्नाची किंवा नाटकाची व्हिडिओ कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरमध्ये घातली, की पडद्यावर नुसते पट्टे नाचायचे. दोन्ही पद्धती समजणारा 'मल्टिसिस्टिम' व्हीसीआर ज्याच्या घरी, त्याच्याकडे सगळे जमायचे.

अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले. आता टीव्हीला चित्र मिळते ते आकड्यांच्या रूपात. म्हणून न्यू जर्सीत घेतलेली एचडीएमआय तार साताऱ्याच्या टीव्हीलाही चालते. प्रवासात पाहायचे ते एवढेच, की चार्जरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे छापले आहे ना, आणि भारतातल्या भिंतीत बसेल असा प्लग बरोबर घेतला आहे ना.

तारेचा मार्ग

टीव्हीच्या मागे किंवा कडेला एक चपटे, खालचे दोन कोपरे तिरके कापलेले भोक दिसेल. तेच एचडीएमआय. ही पद्धत २००२ च्या डिसेंबरात आली. तिच्या नेहमीच्या जोडणीत १९ पिना असतात, आणि चित्र व आवाज दोन्ही एकाच तारेतून जातात. टीव्हीवर अशी दोन-तीन भोके असतात. तार ज्या भोकात घातली, त्याचा क्रमांक लक्षात ठेवा आणि रिमोटवर 'इनपुट' किंवा 'सोर्स' दाबून तोच क्रमांक निवडा. "काही दिसत नाही" या तक्रारीचे कारण पुष्कळदा इथेच सापडते.

आता फोनची बाजू पाहू. नव्या फोनला 'टाइप-सी' हे लांबट, गोलसर कडांचे भोक असते. त्यात २४ पिना आहेत. फोन आणि टीव्हीची ओळख पटली, की त्यातल्या काही पिना नेहमीचे काम सोडून चित्र वाहू लागतात. या सोयीला 'डिस्प्लेपोर्ट' म्हणतात. एका टोकाला टाइप-सी आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी तार बाजारात सहज मिळते.

इथे एक गोम आहे. भोक सारखे दिसले, तरी प्रत्येक फोनमधून चित्र बाहेर येतेच असे नाही. आयफोन १५ (२०२३) आणि त्यानंतरच्या बहुतेक आयफोनमध्ये ही सोय आहे. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस मालिकेत ती एस ८ (२०१७) पासून आहे, पण स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये नसते. गूगलच्या पिक्सेल ८ मध्ये ती २०२४ साली मिळाली. तेव्हा तार विकत घेण्यापूर्वी फोनच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' हे शब्द शोधा. आयफोन ५ ते १४ यांना टाइप-सी ऐवजी 'लायटनिंग' नावाचे भोक आहे. त्यांना एचडीएमआयसाठी वेगळा जोड घ्यावा लागतो.

बिनतारी मार्ग : आरसा आणि पत्ता

तारेशिवाय चित्र पाठवायच्या दोन अगदी वेगळ्या रीती आहेत. त्यांची गल्लत फार होते, म्हणून मी त्यांना 'आरसा' आणि 'पत्ता' अशी नावे देतो.

आरशाच्या रीतीत फोनवर जे दिसते, ते जसेच्या तसे टीव्हीवर दिसते. आयफोनवर याला 'स्क्रीन मिररिंग' म्हणतात आणि ते ॲपलच्या एअरप्ले पद्धतीने चालते. ॲपल टीव्हीच्या डबीवर, २०१९ पासूनच्या सॅमसंग, एलजी, सोनी आणि विझिओच्या बऱ्याच टीव्हींवर, तसेच रोकूच्या अनेक टीव्हींवर ते चालते. सॅमसंगच्या फोनवर याच कामाच्या बटणाचे नाव 'स्मार्ट व्ह्यू' आहे.

पत्त्याच्या रीतीत फोन चित्र पाठवतच नाही. तो टीव्हीला फक्त पत्ता सांगतो, "अमुक ठिकाणी अमुक व्हिडिओ आहे, तो तूच आण." मग टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो व्हिडिओ आणतो. फोन नुसता रिमोट होतो. फोनवर दुसरा कॉल आला, पडदा बंद झाला, तरी टीव्हीवरचे नाटक चालू राहते. याला 'कास्ट' करणे म्हणतात. गूगलने २०१३ च्या जुलैमध्ये ३५ डॉलरला 'क्रोमकास्ट' नावाचे छोटे यंत्र आणले, आणि ही रीत घरोघरी गेली. त्या यंत्राचे उत्पादन थांबवत असल्याचे गूगलने २०२४ मध्ये जाहीर केले, पण ही सोय आता अनेक टीव्हींमध्येच बसवलेली असते. यूट्यूबवर वरच्या बाजूला चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात लहरी असे चिन्ह दिसते, ते हेच.

दोन्ही रीतींत साधारणपणे फोन आणि टीव्ही घरातल्या एकाच वाय-फायवर असावे लागतात. फोन 'गेस्ट' नेटवर्कवर आणि टीव्ही घरच्या नेटवर्कवर असला, तर ते एकमेकांना ओळखत नाहीत.

चित्र अडखळते कशामुळे?

इथे थोडे गणित करू या. साध्या एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात, आणि सेकंदाला ६० चित्रे पाठवायची. गुणाकार केला, तर सेकंदाला जवळजवळ ३ अब्ज बिट होतात. एचडीएमआयची तार एवढे ओझे सहज वाहते. घरातल्या वाय-फायला ते झेपत नाही.

मग फोन काय करतो? भारतात जाताना आई जे करते तेच. २३ किलोच्या बॅगेत सगळे बसवायचे, म्हणून कपडे दाबून, रिकाम्या जागा भरून सामान लावते. फोनही चित्र असेच दाबून भरतो. आजीच्या मागची भिंत मागच्या चित्रात होती तशीच आहे, मग ती पुन्हा कशाला पाठवायची? ओठ हलले, हात हलला, तेवढाच बदल पाठवायचा. टीव्ही ती बॅग उघडून चित्र पुन्हा मांडतो. या भरण्या-उघडण्यात वेळ जातो. वाय-फाय कमजोर असेल, तर चेहऱ्याचे चौकोनी तुकडे दिसू लागतात.

व्हिडिओ कॉलमध्ये ही बॅग दोनदा भरली जाते. एकदा आजीच्या फोनमध्ये, इंटरनेटवरून पाठवण्यासाठी, आणि आरशाची रीत वापरली तर पुन्हा तुमच्या फोनमध्ये, टीव्हीकडे पाठवण्यासाठी. टाइप-सीची तार लावली, की ही दुसरी भरणी वाचते.

यावरून निवड अशी ठरते : सिनेमा, नाटक, गाणी यांसाठी पत्ता. फोटो आणि घरगुती व्हिडिओ दाखवायला आरसा. आजीशी बोलायला जमल्यास तार, नसल्यास आरसा.

पडदा काळा का होतो?

काही वेळा आरशाने सगळे नीट दिसते, पण सिनेमा लावला की पडदा काळा. तार किंवा टीव्ही बिघडलेला नसतो. सशुल्क चित्रपटांना नक्कल होऊ नये म्हणून कुलूप असते, आणि ते कुलूप आरशातून चित्र जाऊ देत नाही. नेटफ्लिक्सने तर एप्रिल २०१९ मध्ये एअरप्लेची सोयच काढून टाकली. अशा वेळी टीव्हीवरच त्या कंपनीचे ॲप उघडणे, हा सरळ उपाय.

दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले, तर मात्र काही बिघडलेले नसते. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) ज्या काळातला, त्या काळी चित्राची चौकट आजच्या टीव्हीपेक्षा पुष्कळ कमी रुंद होती. टीव्हीचे बटण दाबून चित्र ताणू नका. तुकाराम महाराज उगाच जाडे दिसतात!

आजीशी बोलताना

- फोन आडवा ठेवा आणि आजीलाही तिकडे आडवा धरायला सांगा. उभ्या फोनचे चित्र टीव्हीच्या पडद्याचा एक तृतीयांशसुद्धा भरत नाही.
- फोन टीव्हीच्या अगदी खाली, मधोमध, छोट्या स्टँडवर ठेवा. तुम्ही टीव्हीकडे पाहणार आणि कॅमेरा बाजूच्या कपाटावर, असे झाले तर आजीला तुमचे फक्त कान दिसतील.
- टीव्हीचा आवाज मोठा केला, तर तो फोनच्या माइकमध्ये शिरतो आणि आजीला स्वतःचेच बोलणे पुन्हा ऐकू येते. आवाज बेताचा ठेवा. काही फोनमध्ये कॉलचा आवाज फोनमधूनच येतो. तसे असेल, तर तोच पुरे.
- आरसा लावताना फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' करा. नाहीतर बँकेचा निरोप आणि ऑफिसातली कुरबूर सगळ्या घराला वाचायला मिळते.
- फोन चार्जरला लावता येत असेल तर लावा. बोलणे रंगात यायला आणि बॅटरी संपायला एकच गाठ पडते.
- वेळ जमवा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ, म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. हिवाळ्यात साडेसात.

ज्यांच्याकडे ॲपल टीव्ही ४के ची दुसऱ्या पिढीची किंवा त्यानंतरची डबी आहे, त्यांना २०२३ पासून आयफोनचाच कॅमेरा वापरून टीव्हीवर थेट फेसटाइम करता येते.

जाता जाता, कपाटातल्या त्या जुन्या कॅसेटांबद्दल पालकांना एक विनंती. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. कॅसेटमधली चुंबकीय फीत वर्षागणिक खराब होते. ज्या कॅसेटवर पणजोबांचा आवाज आहे, ती लवकर संगणकावर उतरवून घ्या. दुकानदाराला कॅसेट पालची आहे, हे सांगायला विसरू नका. मग तीही फोनमधून टीव्हीवर सगळ्यांना दाखवता येईल.

मुलांसाठी गृहपाठ

१. घरातल्या टीव्हीला एचडीएमआयची किती भोके आहेत ते मोजा.
२. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. ते एचडीच्या किती पट झाले?
३. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आजीला टीव्हीवर बोलवा आणि विचारा, "आजी, तू पहिल्यांदा टीव्ही कुणाच्या घरी पाहिलास? तिथे कोण कोण जमायचे?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'छान' असे येत नाही. आजी जे सांगेल, ते पाच ओळींत मराठीत लिहून पुढच्या वर्गाला आणा.